ओपनबीएसडीवर हलका ब्राउझर आणि मराठी पाने : वाचकांच्या शंका

जुन्या लॅपटॉपवर ओपनबीएसडी ही मुक्त कार्यप्रणाली बसवणारे वाचक वाढत आहेत, आणि बहुतेकांची पत्रे ब्राउझरपाशीच येऊन थांबतात. म्हणून या अंकातली जागा त्याच विषयाला दिली आहे. आदेश आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. यंत्रावर ती रोमन लिपीतच टंकायची आहेत, आणि मोठे अक्षर हवे तिथे तसे सांगितले आहे. चिन्हे मात्र छापली आहेत तशीच घ्यावीत.

प्रश्न (गिरगाव) : ४ जीबी मेमरीच्या जुन्या थिंकपॅडवर फायरफॉक्स रखडतो म्हणून डिलो हा हलका ब्राउझर बसवला. वेग उत्तम, पण मराठी फुटते. ‘विद्यार्थी’मधली पहिली वेलांटी ‘व’च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून दिसतात. तीन-चार फाँट बदलले, फरक नाही. काय करावे?

उत्तर : फाँट बदलून हे सुटणार नाही, कारण दोष फाँटात नाही. देवनागरीत अक्षरे साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. ‘वि’ साठवताना आधी ‘व’ आणि मग वेलांटी येते, दाखवताना वेलांटी आधी काढावी लागते. ‘द्य’, ‘र्थी’ यांसाठी फाँटातली वेगळी आकृती शोधून बसवावी लागते. हे काम हार्फबझसारखी जुळणी करणारी लायब्ररी करते. डिलो ज्या एफएलटीके लायब्ररीवर उभा आहे, तिची १.३ आवृत्ती अक्षरे एकामागून एक तशीच छापते. एफएलटीके १.४ मध्ये पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी जोडून बांधण्याची सोय आली आहे, पण तुमचे पॅकेज १.३ वर बांधलेले असेल तर तिचा उपयोग नाही. एक्सटर्म या टर्मिनलमध्ये डब्ल्यू३एम हा केवळ मजकूर दाखवणारा ब्राउझर चालवलात तरी हाच प्रकार दिसेल, कारण एक्सटर्मही जुळणी करत नाही.

मराठी वाचणाऱ्याने ब्राउझर निवडताना पहिली कसोटी हीच लावावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. वेग त्यानंतर. मग दोन पर्याय उरतात. पहिला नेटसर्फ. २००२ साली रिस्क ओएससाठी सुरू झालेल्या या ब्राउझरचे पानमांडणीचे इंजिन स्वतःचे आहे, आणि त्याची जीटीके आवृत्ती अक्षरे पँगोकडून काढून घेते, त्यामुळे मराठी नीट दिसते. जावास्क्रिप्टची साथ मात्र तुटपुंजी आहे. लेख, विकिपीडिया, साधी स्थळे एवढेच वाचायचे असेल तर तो पुरतो.

दुसरा व्हिम्ब, आणि तुमच्यासाठी आम्ही हाच सुचवतो. त्याच्या आत वेबकिटजीटीके हे पूर्ण इंजिन आहे, अक्षरजुळणी हार्फबझची आहे, आणि सगळे नियंत्रण एका साध्या फाइलीतून करता येते. एक गोष्ट लक्षात असू द्या : व्हिम्ब स्वतः लहान आहे, वेबकिट लहान नाही. मेमरीची खरी बचत होते ती जावास्क्रिप्ट बंद ठेवल्याने आणि खिडक्या मोजक्या उघडल्याने.

बसवण्याचा आदेश : डूॲज पीकेजी_ॲड व्हिम्ब नोटो-फाँट्स. (डूॲज म्हणजे पुढचा आदेश प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे.) मग एफसी-लिस्ट :लँग=एमआर चालवा. यादीत नोटोचे देवनागरी फाँट दिसले पाहिजेत. यादी रिकामी आली तर एफसी-कॅश -एफ चालवून पुन्हा पाहा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता हा मुक्त परवान्याचा फाँट पडद्यावर आम्हाला अधिक वाचनीय वाटतो. त्याच्या टीटीएफ फाइली घरच्या निर्देशिकेतल्या .फाँट्स मध्ये टाकल्या की झाले.

मेमरी ८ जीबी करता आली तर जरूर करा. लॅमिंग्टन रोडवर वापरलेल्या पट्ट्या मिळतात, पण व्होल्टेज पाहून घ्या. थिंकपॅडपैकी टी४२०ला १.५ व्होल्टची डीडीआर३ चालते. टी४४० आणि एक्स२४०ला १.३५ व्होल्टची डीडीआर३एलच लागते, साधी पट्टी घातली तर यंत्र सुरूच होत नाही.

प्रश्न (परळ) : व्हिम्ब उघडतो, पण जड पानावर गेले की पान पांढरे पडते. ‘टॉप’मध्ये तर मेमरी शिल्लक दिसते. असे का होते?

उत्तर : यंत्रात मेमरी असते, पण तुमच्या खात्याला ती वापरायची परवानगी नसते. ओपनबीएसडी प्रत्येक प्रक्रियेवर मर्यादा घालते आणि ती /ईटीसी/लॉगिन.कॉन्फ मध्ये लिहिलेली असते. टर्मिनलमध्ये यूलिमिट -डी विचारा. उत्तर किलोबाइटमध्ये येते. ते कमी असेल तर तुमचे खाते ‘स्टाफ’ वर्गात घाला : डूॲज यूजरमॉड -एल स्टाफ आणि पुढे खात्याचे नाव. यातला ‘एल’ मोठा. मग लॉगिन.कॉन्फमध्ये स्टाफ वर्गाखालील डेटासाइज-कर ही किंमत वाढवा. ४ जीबीच्या यंत्रावर २०४८एमपासून सुरुवात करावी. मर्यादा पूर्ण उठवू नका. एखादे बिघडलेले पान सगळी मेमरी गिळून यंत्र स्वॅपमध्ये ढकलते, आणि मग माउसही हलत नाही.

इथे दोन ठिकाणी लोक अडतात. /ईटीसी/लॉगिन.कॉन्फ.डीबी ही फाइल असेल तर प्रणाली तीच वाचते, त्यामुळे बदलानंतर डूॲज कॅप_एमकेडीबी /ईटीसी/लॉगिन.कॉन्फ चालवावे लागते. आणि नवी मर्यादा नव्या लॉगिनलाच लागू होते. नुसते टर्मिनल बंद करून उघडू नका, झेनोडीएमच्या लॉगिन पडद्यापर्यंत बाहेर पडून परत आत या.

एवढे करूनही पान पांढरेच राहिले तर डीमेसेज या आदेशाने प्रणालीचे संदेश पाहा. तिथे डब्ल्यू^एक्सचा उल्लेख दिसला तर कारण वेगळे आहे. २०१६ सालच्या ६.० आवृत्तीपासून ही प्रणाली एकाच वेळी लिहिता येणारी आणि चालवता येणारी मेमरी एरवी कोणालाही देत नाही. जावास्क्रिप्ट वेगाने चालवणाऱ्या इंजिनांना तीच लागते. म्हणून /यूएसआर/लोकल हे विभाजन डब्ल्यूएक्सअलाउड या पर्यायासह जोडलेले असावे लागते. इन्स्टॉलरने स्वतः विभाजने पाडली असतील तर हा पर्याय तिथे असतोच. नंतर हाताने विभाजने बदलणाऱ्यांच्या एफएसटॅब या विभाजनांच्या यादीतून तो गळतो. माउंट हा आदेश देऊन खात्री करा.

प्रश्न (विलेपार्ले) : लोकलमध्ये फोनच्या इंटरनेटवर लॅपटॉप चालवतो. चित्रे आणि जावास्क्रिप्ट एरवी बंद, पण काही ठराविक स्थळांवर चालू, अशी सोय व्हिम्बमध्ये होते का? आणि मराठी मजकुराच्या ओळी एकमेकींना चिकटतात, त्याचे काय?

उत्तर : दोन्ही होते. आधी जोडणीचे पाहू. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केले की यूआरएनडीआयएस० नावाचे जाळे दिसते. /ईटीसी/होस्टनेम.यूआरएनडीआयएस० या फाइलीत आयनेट ऑटोकॉन्फ एवढी एक ओळ लिहा आणि डूॲज एसएच /ईटीसी/नेटस्टार्ट यूआरएनडीआयएस० चालवा. वायफाय हॉटस्पॉटपेक्षा हे बरे, कारण फोन चार्जही होत राहतो आणि गर्दीच्या डब्यात इतरांच्या हॉटस्पॉटचा गोंगाट आड येत नाही.

व्हिम्बची फाइल म्हणजे .कॉन्फिग/व्हिम्ब/कॉन्फिग. तिच्यात या ओळी :

सेट इमेजेस=ऑफ
सेट कुकी-ॲक्सेप्ट=ओरिजिन
सेट डिफॉल्ट-कॅरसेट=यूटीएफ-८
सेट स्टाइलशीट=ऑन
ऑटोसीएमडी लोडस्टार्टिंग * सेट स्क्रिप्ट्स=ऑफ
ऑटोसीएमडी लोडस्टार्टिंग एचटीटीपीएस://*.उदाहरण.इन/* सेट स्क्रिप्ट्स=ऑन
एनमॅप ,आय :सेट इमेजेस!<सीआर>

‘लोडस्टार्टिंग’मधले एल आणि एस मोठे आहेत. ही घटना पान मागवण्याआधी घडते, म्हणून स्क्रिप्ट बंद करायला हीच योग्य. पान आल्यानंतरच्या घटनेवर तोच आदेश लावला तर तोवर स्क्रिप्ट धावून गेलेली असते. जुळणाऱ्या सर्व ओळी फाइलीतल्या क्रमाने चालतात, त्यामुळे सगळ्यांना लागू असलेली ओळ वर आणि अपवाद खाली, हा क्रम मोडू नका. उलटा लावला तर अपवाद कधीच लागू होणार नाहीत आणि चूक शोधताना दमछाक होईल. शेलमध्ये तारा (*) तिरप्या रेघेपाशी थांबतो, इथे थांबत नाही, तो रेघेपलीकडेही जुळतो. म्हणून अपवादाचा पत्ता शक्य तितका नेमका लिहा. सढळ ताऱ्याने नको त्या स्थळालाही परवानगी मिळून जाते.

शेवटच्या ओळीने स्वल्पविराम आणि आय ही कळ दाबली की चित्रे चालू किंवा बंद होतात. नंतर आर दाबून पान पुन्हा मागवा.

शोधासाठी आणखी एक ओळ फार उपयोगी पडते : शॉर्टकट-ॲड एमडब्ल्यू=एचटीटीपीएस://एमआर.विकिपीडिया.ऑर्ग/डब्ल्यू/इंडेक्स.पीएचपी?सर्च=$०. मग :ओ एमडब्ल्यू लिहून पुढे मराठी शब्द टंकला की थेट मराठी विकिपीडियात शोध होतो.

आता ओळींबद्दल. अनेक स्थळे ओळींची उंची रोमन अक्षरांच्या हिशेबाने ठरवतात. देवनागरीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात, म्हणून वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. त्याच निर्देशिकेतल्या स्टाइल.सीएसएस मध्ये परिच्छेद आणि यादीच्या घटकांसाठी लाइन-हाइट: १.७ !इम्पॉर्टंट लिहा. १.६च्या खाली मराठी दाटते, १.८च्या वर लहान पडद्यावर ओळी फार कमी मावतात. फाँटही इथेच ठरवता येतो, पण तो परिच्छेद, मथळे, यादी अशा नावाने घेतलेल्या घटकांनाच लावा. सरसकट ताऱ्याला लावलात तर चित्रचिन्हांचे फाँटही बदलले जातात, आणि बटणांवर चिन्हांऐवजी चौकोन दिसू लागतात.

प्रश्न (मुलुंड) : मराठी कळफलक लावल्यावर व्हिम्बच्या कळाच चालत नाहीत. ब्राउझर बिघडला आहे का?

उत्तर : नाही. व्हिम्बला जे अक्षर मिळते ते तो वाचतो. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकात एफच्या कळीवर ‘ि’ आहे, ओवर ‘द’, जेवर ‘र’, केवर ‘क’. दुवे दाखवण्यासाठी एफ दाबलात तर व्हिम्बला वेलांटी मिळते, आणि तिला कोणतेही काम नेमलेले नाही.

.एक्ससेशन मध्ये ही ओळ ठेवा : सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,इन -ऑप्शन जीआरपी:ऑल्ट_शिफ्ट_टॉगल -ऑप्शन जीआरपी_एलईडी:स्क्रोल. ऑल्ट आणि शिफ्टने कळफलक बदलतो, आणि मराठी चालू असताना स्क्रोल लॉकचा दिवा लागतो. तो दिवा नसलेल्या लॅपटॉपवर ‘स्क्रोल’च्या जागी ‘कॅप्स’ लिहा. शोधपट्टीत एखाद-दुसराच शब्द टंकायचा असतो त्यांनी जीआरपी:स्विच पाहावे : उजवे ऑल्ट दाबून धरले आहे तोवर मराठी, सोडले की इंग्रजी. व्हिम्बसारख्या कळांवर चालणाऱ्या ब्राउझरला ही पद्धत जास्त मानवते. त्याच फाइलीत एक्सपोर्ट एलसी_सीटाइप=इएन_यूएस.यूटीएफ-८ हेही हवे, नाहीतर एक्सटर्ममध्ये मराठी नावांच्या फाइली प्रश्नचिन्हांच्या रांगा म्हणून दिसतात.

लांब मजकूर भरताना कंट्रोल-टीने बाहेरचा संपादक उघडतो. तिथे प्रणालीसोबत येणारा व्हीआय देऊ नका, त्याला यूटीएफ-८ कळत नाही आणि मराठी मजकूर खराब होतो. लीफपॅडसारखा पँगोवर चालणारा साधा संपादक द्या : सेट एडिटर-कमांड=लीफपॅड %एस.

प्रश्न (चेंबूर) : वाचत असलेले पान एका कळीने जतन करायचे आहे, नंतर जाळ्याशिवाय वाचण्यासाठी. तसेच व्हिडिओचा दुवा थेट एमपीव्ही या प्लेयरमध्ये उघडायचा आहे.

उत्तर : व्हिम्ब बाहेरचा आदेश चालवताना पानाचा पत्ता व्हीआयएमबी_यूआरआय आणि मथळा व्हीआयएमबी_टायटल या चलांमध्ये ठेवतो (नावे मोठ्या अक्षरांत). घरच्या बिन निर्देशिकेत ‘जतन’ नावाची स्क्रिप्ट अशी लिहा :

#!/बिन/केएसएच
केस "$व्हीआयएमबी_यूआरआय" इन
एचटीटीपी*) ;;
*) एक्झिट १ ;;
एसॅक
डी="$होम/जतन"
एमकेडिर -पी "$डी"
टी=$(प्रिंटएफ '%एस' "$व्हीआयएमबी_टायटल" | टीआर '/' '-' | कट -सी १-७०)
एन=$(डेट +%वाय%एम%डी-%एच%एम%एस)
एफटीपी -ओ "$डी/$एन-$टी.एचटीएमएल" "$व्हीआयएमबी_यूआरआय"

तारखेच्या साच्यात वाय, एच, दुसरा एम आणि एस मोठे, पहिला एम आणि डी लहान. ‘होम’ मोठ्या अक्षरांत. मग सीएचमॉड ७५५ आणि कॉन्फिगमध्ये एनमॅप ,जे :एसएच! ~/बिन/जतन<सीआर>. ओपनबीएसडीचा एफटीपी हा आदेश एचटीटीपीएसही आणतो, वेगळे पॅकेज लागत नाही.

७०चा आकडा अंदाजाने घातलेला नाही. या फाइलप्रणालीत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात. म्हणजे केवळ मराठी नाव ८५ चिन्हांच्या पुढे जाऊच शकत नाही. ७० चिन्हांचे २१० बाइट, तारीख-वेळ आणि शेवटची जोडणी मिळून आणखी २१. बातम्यांचे मथळे सहज याहून लांब असतात, आणि कापले नाहीत तर ‘नाव फार लांब’ म्हणून पान जतनच होत नाही. एलसी_सीटाइप लावलेले नसेल तर ‘कट’ चिन्हांऐवजी बाइट मोजते आणि शेवटचे अक्षर मधूनच तुटते.

पत्ता आणि मथळा कॉन्फिगच्या ओळीत लिहू नका, स्क्रिप्टमध्येच अवतरणचिन्हांसह वाचा. मथळा परक्याने लिहिलेला असतो. तो आदेशाच्या ओळीत उतरला तर त्यातले अर्धविराम आणि डॉलर शेल आदेश म्हणून चालवू शकते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. चित्रे येत नाहीत, लॉगिनमागची पाने येत नाहीत, आणि ज्या पानाचा मजकूर जावास्क्रिप्ट भरते ते रिकामे येते.

व्हिडिओसाठी एमपीव्ही आणि वायटी-डीएलपी बसवा आणि ही ओळ लिहा : सेट एक्स-हिंट-कमांड=:एसएच! एमपीव्ही "<सी-आर>;". पानावर अर्धविराम आणि एक्स दाबून दुव्याचा क्रमांक द्या. अवतरणचिन्हे गाळली तर पत्त्यातल्या ‘&’पाशी शेल आदेश तोडते आणि भलताच व्हिडिओ लागतो किंवा काहीच लागत नाही. उद्गारचिन्ह गाळले तर व्हिडिओ संपेपर्यंत व्हिम्ब गोठून राहतो.

प्रश्न (दादर) : बँकेच्या कामासाठी फायरफॉक्स ठेवला आहे. अर्जाला पीडीएफ जोडायला गेलो की कागदपत्रांची निर्देशिका रिकामी दिसते. कॅमेराही काळा.

उत्तर : फायली जागच्या जागी आहेत. ओपनबीएसडीवरचा फायरफॉक्स ‘अनव्हील’च्या कुंपणात चालतो. घरच्या निर्देशिकेतली डाउनलोड्स आणि /टीएमपी एवढेच त्याला दिसते. पीडीएफ डाउनलोड्समध्ये नकलून जोडा आणि नंतर तिथून काढा. कुंपण /ईटीसी/फायरफॉक्स/अनव्हील.मेन मध्ये रुंद करता येते, पण करू नये. व्हिम्बला असे कुंपण नाही, म्हणून वाचन व्हिम्बमध्ये आणि पैशांचे व्यवहार फायरफॉक्समध्ये ही तुमची विभागणी योग्यच आहे.

कॅमेरा आणि माइक प्रणालीने मुळातच बंद ठेवलेले असतात. डूॲज सिस्सीटीएल कर्न.व्हिडिओ.रेकॉर्ड=१ आणि डूॲज सिस्सीटीएल कर्न.ऑडिओ.रेकॉर्ड=१ चालवा. कॅमेरा तरीही काळा राहिला तर /डेव्ह/व्हिडिओ० ची मालकी तुमच्या खात्याकडे द्या. बैठक संपली की दोन्ही किमती पुन्हा शून्य करा.

प्रश्न (बोरिवली) : काही जुनी मराठी स्थळे रोमन अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसतात. व्हिम्बमध्ये काही राहिले आहे का?

उत्तर : नाही. ती पाने युनिकोडपूर्व काळातली आहेत. तेव्हा रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकृत्या बसवलेले फाँट वापरत, आणि प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी होती. पानाचा स्रोत जी-एफने उघडा आणि फाँटचे नाव शोधा. तो फाँट मिळवून .फाँट्स मध्ये टाकला तर पान वाचता येते. मजकूर पुढे वापरायचा असेल तर त्या फाँटसाठीचा परिवर्तक वापरून युनिकोड करून घ्या. एका फाँटचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही.

प्रश्न (भांडुप) : एवढे सगळे जुळवल्यावर अद्ययावत करायची भीती वाटते. वर्षभर तसेच ठेवले तर?

उत्तर : ठेवू नका. वेबकिटमधल्या सुरक्षेच्या चुका सतत दुरुस्त होत असतात, आणि ओपनबीएसडी फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना दुरुस्त्या देते. नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. महिन्यातून एकदा डूॲज सिसपॅच आणि डूॲज पीकेजी_ॲड -यू, आणि नवी आवृत्ती आली की डूॲज सिसअपग्रेड. तुमची जुळवणी .कॉन्फिग/व्हिम्ब, .एक्ससेशन आणि बिन यांत आहे, तिला यातले काहीही हात लावत नाही. /ईटीसी मधले बदल सिसअपग्रेडनंतर सिसमर्ज जुळवते आणि शंका असेल तिथे दोन्ही ओळी दाखवून विचारते. लॉगिन.कॉन्फपाशी घाईने नवी फाइल स्वीकारली तर डेटासाइजची किंमत जाते आणि पाने पुन्हा पांढरी पडू लागतात. तेवढी एक फाइल ओळ न् ओळ पाहून पुढे जा.